बांधणाऱ्यांचा सन्मान कसा करावा?

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याची खाडी ओलांडतो, कोर्लई व बोर्ली मागे टाकतो आणि काशीदला येऊन समुद्रास भिडतो. एका अंगाला पांढरी वाळू व सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर. एके काळी जंजिरा संस्थानच्या कोपऱ्यात पडलेले हे गाव आज मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या तोंडी आहे. मुक्कामाची घरे, उपाहारगृहे व बागबगीचे यांनी किनाऱ्याची रेघ भरून गेली आहे. त्यांच्या पाट्यांवर मालकांची नावे आहेत, नकाशांवर वास्तुतज्ज्ञांच्या सह्या आहेत. परंतु ज्याने दोरी लावून पाया आखला, ओळंबा सोडून भिंत उभी केली आणि चौथऱ्यावर जोते चढविले, त्या गवंड्याचे नाव कोठेच नाही. जंजिऱ्याच्या किल्ल्यास आपण सिद्दीचा किल्ला म्हणतो. त्याचे चिरे समुद्राच्या खाऱ्या माऱ्यात सांधणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणास ठाऊक आहे?

आजच्या लेखाचा विषय हा बांधणारा मनुष्य होय. तो केवळ भिंती बांधणारा नव्हे. कोकणच्या बौद्धवाड्यांतून असा मनुष्य वारंवार आढळतो, की जो दिवसा दुसऱ्याच्या घराचे काम करतो आणि संध्याकाळी स्वतःच्या वाडीचे काम पाहतो. विहाराच्या वर्गणीची वही त्याच्याकडे असते, भांडण मिटविण्यास त्यालाच बोलावतात, मुंबईकर मंडळास पत्र तोच लिहितो किंवा लिहवून घेतो, आणि चौदा एप्रिलच्या मंडपाची पहिली मेढ तोच रोवतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी हे ओझे प्रथम उचलले ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्यामागून आलेली पिढीही थकत चालली आहे. अशा माणसांचा अंत झाला म्हणजे आपण त्यांचा सन्मान कसा करतो, आणि तो कसा करावयास हवा, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

गवंडी व पुढारी एकच का झाला?

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. महार समाज हा परंपरेने गवंडीकाम करणारा नव्हे. गावगाड्याने त्याच्या वाट्यास वेसकरकी, सांगावे, मेलेली गुरे ओढणे व त्याबद्दल बलुत्याची भाकर एवढेच ठेवले होते. महाडच्या १९२७ च्या मार्चमधील परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांस मृतमांस टाकण्याचा, वतनदारीच्या गुलामीतून सुटण्याचा व स्वाभिमानाने पोट भरण्याचा उपदेश केला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. परंतु उपदेश ऐकणे वा कायदा होणे निराळे आणि बलुते सोडून दुसऱ्या दिवशी चूल पेटविणे निराळे. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी पलटणीत. जे गावातच राहिले त्यांच्यातील पुष्कळांनी बांधकामाची वाट धरली; कारण तेथे रोख मजुरी मिळत होती, आणि घमेले उचलताना कोणी जात विचारली तरी काम बंद पडत नव्हते.

या धंद्यात एक गोष्ट आपोआप शिकावयास मिळते. ओळंबा कोणाची भीड धरीत नाही. भिंत तिरपी असेल तर ती सावकाराची असो की सरपंचाची असो, तो तिरपीच दाखवितो. ज्याचा हात अशा साधनावर बसला आहे, त्याच्या बोलण्यासही एक सरळपणा येतो. शिवाय गवंड्यास दहा माणसांकडून काम करवून घ्यावे लागते, सामानाचा हिशेब ठेवावा लागतो, मालकाशी बोलणी करावी लागतात आणि पावसाच्या आत छप्पर घालावे लागते. वाडीचा कारभार करण्यास याहून निराळे असे काय लागते? म्हणूनच ज्याने घरे बांधली त्याच्याकडे समाज बांधण्याचे कामही आले, यात नवल नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. मुरूड व श्रीवर्धनच्या पट्ट्यात घरांची कौले व पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीचे ते दिवस. बाहेरून कामगार येणे कठीण. अशा वेळी पावसाच्या तोंडावर छपरे कोणी सावरली? गावोगावच्या याच हातांनी. संकटात प्रथम आठवण ज्याची होते, सुखाच्या दिवसांत प्रथम विस्मरण त्याचेच व्हावे, हा आपल्या समाजजीवनातील जुना रोग आहे.

आपल्या पूर्वजांनी नावे दगडावर कोरली

हा रोग बुद्धाच्या परंपरेतून आलेला नाही, हे आपल्याच जिल्ह्यातील लेण्यांवरून सिद्ध करता येते. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, तळे तालुक्यात, कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. काशीदच्या माणसाला ती परकी नाहीत. एकाच मुलखातील आहेत. तेथील शिलालेखांत मांदव कुळातील महाभोजांची नावे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला लेखनिक शिवभूती आहे, कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी महिक आहे, वैद्य सोमदेव व त्याची मुलेबाळे आहेत, आणि फुलांचा धंदा करणारा माळीही आहे. सत्ताधीशाचे दान व माळ्याचे दान एकाच डोंगरात, एकाच लिपीत नोंदले गेले. भिक्खू संघाने एकाची पाटी मोठी व दुसऱ्याची लहान केली नाही.

याहून एक पाऊल पुढची साक्ष कार्ल्याच्या चैत्यगृहात मिळते. तेथे दान देणाऱ्या श्रेष्ठींची व यवनांची नावे आहेत. आणि त्यांच्याबरोबर धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याचेही नाव आहे. चैत्याचे दार त्याने केले, असे तो लेख सांगतो. दान देणाऱ्याचे नाव सर्व धर्मांच्या मंदिरांत सापडेल. परंतु ज्याच्या हातांनी दार घडविले त्याचे नाव दारावरच कोरावे, ही गोष्ट लहान नव्हे. सुमारे दोन हजार वर्षे तो सामी त्या दारात उभा आहे. त्याला कोणी देव केले नाही, त्याच्यापुढे कोणी नारळ फोडला नाही. त्याने काम केले आणि समाजाने ते नोंदविले. एवढेच झाले, आणि तेवढेच पुरेसे होते.

पुढे ज्या समाजव्यवस्थेने हा देश व्यापला तिने हाताने काम करणाऱ्याला हीन ठरविले व त्याचे नाव पुसून टाकले. देवळाचा पाया ज्याने खणला त्याला कळसाचे दर्शनही दुरूनच घ्यावे लागले. तेव्हा बांधणाऱ्याचे नाव लिहिणे ही आपल्या दृष्टीने केवळ सौजन्याची बाब नाही. ज्या व्यवस्थेने श्रम व मान यांची फारकत केली, तिला दिलेले ते उत्तर आहे.

महाडचा मंडप कोणी उभारला?

आपल्या चळवळीचा इतिहास आपण वाचतो तो व्याख्यानांचा व ठरावांचा. परंतु प्रत्येक व्याख्यानाच्या मागे एक मंडप असतो आणि प्रत्येक मंडपाच्या मागे माणसे असतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. त्यांना पाण्यापर्यंत नेण्याचे काम दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुभेदार संभाजी गायकवाड आणि महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी केले. गावोगाव फिरून त्यांनी माणसे जमविली. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पिण्याचे पाणीसुद्धा चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. ज्या गावात तळे भरलेले होते, त्याच गावात पाण्याचा हिशेब खर्चाच्या वहीत लिहावा लागला!

त्याच वर्षीच्या डिसेंबरातील सत्याग्रह परिषदेस जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्यासाठी जी वेदी केली गेली, ती सहा माणसांनी दोन दिवस राबून तयार केली होती. दीड फूट लांब-रुंद, सहा इंच खोल असा तो खड्डा. त्यात चंदनाचे तुकडे. त्या दिवशीची ज्वाला अवघ्या देशाने पाहिली, तिचा इतिहास झाला. परंतु त्या सहा जणांची नावे आज वाडीतील किती मुलांना सांगता येतील? आपण या माणसांना विसरलो ते कृतघ्नपणामुळे नव्हे, तर नोंद करण्याची सवय नसल्यामुळे. परंतु परिणाम दोहोंचा सारखाच होतो.

या माणसांच्या वाटा पुढे एक राहिल्या नाहीत. मोरे साम्यवादी चळवळीत गेले. चित्रे व टिपणीस हे जन्माने सवर्ण समाजातील होते. तरीसुद्धा महाडच्या पायातील त्यांचा दगड कोणी काढून घेऊ शकत नाही. बांधणाऱ्याचा सन्मान करताना त्याने काय बांधले हे पाहावे. त्याची जात, त्याचा पक्ष किंवा उत्तर आयुष्यातील मतभेद यांवरून त्याचे काम खोडू नये. हा नियम मोठ्या माणसांना लागू आहे, तसाच वाडीतील गवंड्यालाही लागू आहे.

बाबासाहेब स्वतः बांधणारे होते

बाबासाहेबांना आपण विद्वान, घटनेचे शिल्पकार व धम्मप्रवर्तक म्हणून वंदन करतो. त्यांना इमारतींची किती आस्था होती, ही गोष्ट मात्र कमी बोलली जाते. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने फोर्टमध्ये मिळविलेल्या इमारतींना आनंद भवन व बुद्ध भवन ही नावे मिळाली. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय निघाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली, आणि पुढे ते मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आले. त्या कामावर देखरेख करण्यासाठी बाबासाहेबांनी धारवाडचे आपले विश्वासू सहकारी बळवंतराव वराळे यांना बोलावून घेतले. वराळे यांनी आपले बिऱ्हाड हलविले व मराठवाड्याच्या उन्हात उभे राहून ते काम पाहिले. चळवळीत कोणी भाषण करतो, कोणी लेख लिहितो, आणि कोणी विटा मोजतो. विटा मोजणारा मनुष्य प्रामाणिक नसेल तर भाषण व लेख दोन्ही वाऱ्यावर जातात.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादर चौपाटीच्या ज्या वाळूवर त्यांचे दहन झाले, तेथे स्मारक व्हावे म्हणून त्यांचे पुत्र यशवंतराव तथा भय्यासाहेब आंबेडकर झटले. ते भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष होते. त्या काळी समाज आजच्यापेक्षा कितीतरी निर्धन होता. लोकांकडून जमविलेल्या पैशावर ती वास्तू उठली, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते चैत्यभूमीचे उद्घाटन झाले. आज सहा डिसेंबरला लाखो माणसे त्या स्तूपापुढे नतमस्तक होतात. भय्यासाहेबांचे नाव त्यांपैकी किती जणांच्या ओठी असते? पित्याच्या विशाल सावलीत पुत्राचे काम झाकले गेले, हे एक वेळ समजू शकते. परंतु ज्या वास्तूत आपण उभे राहतो ती कोणी बांधली हे ठाऊक नसणे, यात समजून घेण्यासारखे काही नाही.

तीच गोष्ट देहूरोडची. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तो विहार राजाच्या देणगीने झाला नाही. त्यामागे तेथील साध्या कष्टकरी माणसांची वर्गणी व श्रम होते. कोकणच्या वाड्यांतील विहारही याच रीतीने उभे राहिले. कोणी रेती दिली, कोणी पत्रे दिले, कोणी आठवड्याची एक सुट्टी दिली. गवंड्याने आपली मजुरी दिली, म्हणजे त्या दिवसाची आपल्या मुलांची भाकरच दिली. दानाचे मोल रकमेवरून करावयाचे नसते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

सन्मानाच्या चुकीच्या वाटा

आता आपण काय करतो ते पाहू. असा मनुष्य गेला म्हणजे आपण चौकात फलक लावतो. फलकावर मृताचे छायाचित्र लहान व श्रद्धांजली वाहणाऱ्यांची छायाचित्रे मोठी असतात. शोकसभेत पाच-सहा जण बोलतात. ‘समाजाची कधीही भरून न निघणारी हानी झाली’ एवढेच सगळे सांगतात, त्याने नेमके काय केले ते कोणीच सांगत नाही. पुढे भोजन होते. ज्या घरातील कमावता हात गेला, त्या घराला कर्ज काढून गाव जेवू घालावे लागते. बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याकडून ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत श्राद्धपक्ष न करण्याची व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. पिंड आपण सोडला. परंतु श्राद्धाचे जेवण नाव बदलून आपल्या घरात परत आले असेल, तर प्रतिज्ञा पाळली असे म्हणता येणार नाही.

दुसरी चुकीची वाट विभूतिपूजेची. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीप्रसंगी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी कृतज्ञ आदर व आंधळी भक्ती यांतील अंतर उघड करून दाखविले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना राजकारणातील भक्ती ही अधःपाताकडे व हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असा इशारा त्यांनी दिला. हा इशारा दिल्लीपुरता नाही, वाडीपुरताही आहे. पुढारी गेला की त्याची खुर्ची मुलाला, वर्गणीची वही मुलाला, विहाराची किल्ली मुलाला, असे जेथे होते तेथे नवे वतन जन्मास येते. महारवतन मोडण्यासाठी ज्या समाजाने दीर्घकाळ लढा दिला, त्याने पुढारीपणाचे वतन निर्माण करावे काय?

येथे कोणी म्हणेल की, व्यक्तिपूजा वाईट असेल तर व्यक्तीचे नावच कशाला घ्यावयाचे? काम झाले, ते समाजाचे झाले. नाव विसरले तरी काय बिघडले? हा आक्षेप वरवर निःस्वार्थी वाटतो. परंतु तो नेहमी दुबळ्याच्याच नावाला लावला जातो. कोनशिलेवरील मंत्र्याचे नाव कोणी खोडीत नाही. मंगल सुत्तात पूजनीयांचा आदर व कृतज्ञता या दोहोंची गणना मंगलांत केली आहे. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे. पूजेत मनुष्य डोळे मिटतो, कृतज्ञतेत त्याला ते उघडावे लागतात. कारण काय केले हे पाहिल्यावाचून ते जाणता येत नाही. पूजा माणसाच्या चुका झाकते. कृतज्ञता त्याचे काम व त्याच्या चुका दोन्ही नोंदविते, आणि तरीही त्याचे ऋण मानते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, चरित्र लिहावे. मोठा ग्रंथ नको. चाळीस पानांची वही पुरे. त्याचा जन्म कोठे झाला, काम कोणाच्या हाताखाली शिकला, पहिली मजुरी किती मिळाली, कोणत्या विहिरीवर पाणी नाकारले गेले, विहाराची जागा कशी मिळाली, वर्गणी कोणी दिली व कोणी नाकारली, भांडणे कोणती झाली, हे सर्व लिहावे. गेल्यानंतर नव्हे, तो जिवंत असताना त्याच्यापुढे बसून लिहावे. आज वाडीतील प्रत्येक तरुणाच्या खिशात आवाज टिपून घेणारे यंत्र आहे. वृद्धांचे शब्द त्यात साठवावे व मग कागदावर उतरवावे. आणि ही वही लिहिताना डोक्यावर घमेले घेऊन माळा चढणाऱ्या बायांना विसरू नये. गवंड्याच्या हाताखालची बिगारीण म्हणून तिची मजुरी कमी, आणि इतिहासात तिचे नाव तर मुळीच नाही. महाडच्या डिसेंबरातील परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले होते. स्त्रियांवाचून ही इमारत उभी राहणार नाही हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट, त्याने बांधलेली वास्तू सांभाळावी. सांभाळणे म्हणजे रंग देणे नव्हे. विहार ज्या जमिनीवर उभा आहे ती कोणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर काय नोंद आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरक्रमांक आहे काय, संस्था नोंदली आहे काय, वार्षिक हिशेब सादर होतो काय, हे प्रथम पाहावे. पुष्कळ ठिकाणी जागा कोणीतरी तोंडी दिलेली असते. देणारा गेला, घेणारा गेला, आणि वारस उभे राहिले म्हणजे भिंत असते पण जमीन नसते. किनाऱ्यालगतच्या जमिनीचे मोल जेथे आकाशाला भिडत चालले आहे, तेथे ही ढिलाई परवडणारी नाही. वतनाच्या ज्या जमिनी पुन्हा प्रदान झाल्या, त्या नव्या शर्तीच्या आहेत व त्यांच्या विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे वाडीतील प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. दलालाच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी दहा माणसांत तो कागद वाचून घेतला, तरी बांधणाऱ्याचे मोठे स्मारक झाले असे मी समजेन.

तिसरी गोष्ट, बांधणाऱ्याच्या धंद्यातील भावंडांना त्यांचे हक्क मिळवून द्यावे. सिगालोवाद सुत्तात तथागताने मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: कामकऱ्यास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, योग्य अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ त्याच्याशी वाटून खावे, आणि वेळच्या वेळी त्यास सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा श्रमाचा धर्म आहे. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. त्यान्वये बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला गेला व राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ उभे राहिले. पुढे श्रमविषयक कायद्यांची नवी संहिता झाली, तरी अठरा ते साठ वयाच्या ज्या कामगाराने वर्षात नव्वद दिवस बांधकाम केले त्याने नोंदणी करावी व मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंतचे साह्य घ्यावे, ही व्यवस्था उरलेली आहे. परंतु नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार? ठेकेदार टाळतो, कामगार आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि अर्ज भरून देण्यास मध्यस्थ पैसे मागतो. वाडीतील दोन शिकलेल्या मुलांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून हे अर्ज विनामूल्य भरले, तर शंभर फलकांपेक्षा ती श्रद्धांजली मोठी ठरेल. परातीवरून पाय घसरून पडलेल्या गवंड्याची विधवा जेव्हा विचारते, ‘माझ्या घरच्यांचे नाव कोठे लिहिले आहे काय?’ तेव्हा तिला छायाचित्र दाखवून भागत नाही. नोंदणीचे पुस्तक दाखवावे लागते.

चौथी गोष्ट, त्याच्या नावाने मुलांसाठी काही चालवावे. भोजनाचा खर्च वाचवून पुस्तकांचे एक कपाट, अभ्यासाचा एक दिवा, तंत्रशाळेत जाणाऱ्या एका मुलाची वा मुलीची वर्षाची फी, यांतील काहीही होऊ शकते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षे. तेवढ्या काळात ज्यांची शिक्षणाची संधी हुकली त्यांतील पुष्कळांच्या हाती थापी आली. त्यांच्या नातवाच्या हाती नकाशा यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. परंतु नकाशा काढणाऱ्या नातवाने थापी धरणाऱ्या आजोबांची लाज वाटून घेतली, तर आपण जात सोडून तिचा गर्व मात्र उचलला असे होईल.

बंधुभगिनींनो, या चारही गोष्टींना द्रव्य फारसे लागत नाही. चिकाटी लागते, आणि हिशेब लागतो. गावोगावची ग्रामस्थ मंडळे व मुंबईतील त्यांच्या शाखा ही आपली जुनी शक्ती आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात लोक जमतातच. त्या काळात प्रत्येक वाडीने आपल्या एका हयात असलेल्या बांधणाऱ्याचे चरित्र लिहून काढावे आणि विहाराच्या कागदपत्रांची एक संपूर्ण फाईल तयार करावी, असा ठराव मंडळांनी करावा. आश्विन पौर्णिमेस ती वही व ती फाईल लोकांपुढे वाचून दाखवावी. ज्याचे चरित्र वाचले जाईल तो स्वतः समोर बसलेला असेल. काही चुकले असेल तर तो उठून दुरुस्त करील. मृत्यूनंतरच्या स्तुतीला ही सोय नसते.

आणि विहाराच्या दाराशी, आत येणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर, एक साधी फरशी बसवावी. तिच्यावर देणगीच्या आकड्यांच्या क्रमाने नावे नसावीत. जागा देणारा, पाया खणणारे, भिंत बांधणारे, पाणी वाहणाऱ्या बाया, छप्पर घालणारे अशी कामांच्या क्रमाने नावे असावीत. कार्ल्याच्या दारात सामी सुतार उभा आहे, तसेच मुरूड-काशीदच्या पट्ट्यातील विहारांच्या दारांत त्यांना बांधणारे उभे राहोत. आत आपण बुद्धापुढे व बाबासाहेबांपुढे नमतो. दारात त्या माणसांची नावे वाचून आत जावे, एवढेच त्यांचे आपल्याकडे मागणे आहे, आणि ते त्यांनी कधी तोंडाने मागितलेले नाही.

जयभीम.